पाय दुमडलेले दिसतात म्हणून मुलाची कार सीट पुढे फिरवायची का?

दीड वर्षाचा मुलगा कारच्या मागच्या बाजूला, त्याच्या चाइल्ड सीटमध्ये बसलेला आहे. सीटचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. त्यामुळे मुलाच्या समोर गाडीच्या सीटची पाठ येते आणि पाय लांब करायला जागा उरत नाही. गुडघे वर आलेले, तळवे समोरच्या गादीला टेकलेले. शेजारी बसलेली आजी थोडा वेळ ते बघते आणि मग न राहवून म्हणते, "अगं, पाय बघ पोराचे कसे दुमडलेत! अवघडत असतील त्याला. आता मोठा झाला की तो. फिरव ना ती सीट पुढे."

हा संवाद पुण्यातल्या एखाद्या छोट्या गाडीत होतो आणि न्यू जर्सीला लेकीकडे गेलेल्या आजी-आजोबांच्या पहिल्या प्रवासातही होतो. आजीची काळजी खरी असते. आई-वडिलांनाही ती पटते, कारण दुमडलेले पाय डोळ्यांना दिसतात. मग पहिला वाढदिवस झाला की अनेक घरांत सीट पुढे फिरवली जाते.

पण पाय दुमडणं हे सीट लहान पडल्याचं लक्षण आहे का? मुलाला त्याचा खरंच त्रास होतो का? अपघात झाला तर ते पाय मोडतील का? आणि सीट फिरवायची तर नेमकी कधी? या प्रश्नांची उत्तरं पायांपासून सुरू होत नाहीत. ती मानेपासून सुरू होतात.

उलट्या तोंडाची सीट नेमकं काय करते?

लहान मुलांच्या कार सीट दोन प्रकारे बसवता येतात. मुलाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे असेल तर ती उलट्या तोंडाची, म्हणजे रिअर-फेसिंग सीट. मुलाचं तोंड ड्रायव्हरसारखंच पुढे असेल तर ती सरळ तोंडाची, म्हणजे फॉरवर्ड-फेसिंग सीट. काही सीट दोन्ही प्रकारे वापरता येतात.

फरक कळतो तो गाडी समोरून कशावर तरी आदळल्यावर. समजा, गाडी ताशी ४८ किलोमीटर वेगाने चालली आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे १३ मीटर. ती भिंतीवर आदळली आणि पुढचा भाग चेपत साधारण ६५ सेंटिमीटर अंतरात थांबली, असं धरू. साध्या गणिताने त्या क्षणी गाडीतल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सरासरी १४ पट जोर येतो. क्षणभर तो याहूनही बराच जास्त असू शकतो.

१२ किलोचं मूल अशा वेळी सुमारे १६५ किलोच्या ओझ्यासारखं पुढे ओढलं जातं. मांडीवर घेतलेलं मूल कोणालाही धरून का ठेवता येत नाही, ते या एका आकड्यात कळतं. इथे प्रश्न हात किती घट्ट धरलेत किंवा माया किती आहे याचा राहतच नाही.

आता मूल सरळ तोंडाच्या सीटमध्ये पट्ट्यांनी बांधलेलं आहे, असं समजू. खांद्यांवरचे पट्टे धड जागेवर रोखतात. डोक्याला मात्र कुठलाच पट्टा नसतो. ते पुढे फेकलं जातं आणि त्याला थांबवण्याचं सगळं काम एकट्या मानेला करावं लागतं. दीड वर्षाच्या मुलाचं डोकं साधारण अडीच किलोचं असतं. त्याच गणिताने ते ३५ किलोच्या ओझ्यासारखं मानेला ताणतं.

उलट्या तोंडाच्या सीटमध्ये हेच मूल पुढे न फेकलं जाता सीटच्या पाठीत दाबलं जातं. डोकं, मान, पाठ आणि कंबर एकाच वेळी, एकाच रेषेत, एकाच पाठीवर टेकतात. जोर तेवढाच असतो, पण तो सगळ्या पाठीवर वाटला जातो. मानेला डोकं ओढून धरावं लागत नाही. जिन्यावरून तोल गेल्यावर हाताच्या एका बोटावर पडणं आणि गादीवर पाठीवर पडणं यात जो फरक आहे, तसाच हा फरक आहे.

लहान मुलाची मान मोठ्यांच्या मानेची छोटी आवृत्ती नसते

नवजात बाळाच्या एकूण लांबीचा जवळपास चौथा हिस्सा डोक्याचा असतो. मोठ्या माणसात हे प्रमाण साधारण सातवा ते आठवा हिस्सा इतकं कमी होतं. म्हणजे बाळाच्या बारीक मानेवर प्रमाणाबाहेर जड डोकं असतं. मानेचे स्नायूही अजून पुरते बळकट झालेले नसतात.

याहून महत्त्वाची गोष्ट हाडांची आहे. जन्मतः बहुतेक मणके अखंड नसतात. प्रत्येक मणका हाडाच्या वेगवेगळ्या तुकड्यांचा असतो आणि ते तुकडे कूर्चेने जोडलेले असतात. कूर्चा म्हणजे कानाच्या पाळीच्या वरच्या भागात हाताला लागते तशी मऊ, लवचीक रचना. हे तुकडे जुळून पक्कं हाड व्हायला काही वर्षं जातात. मानेच्या मणक्यांत हे काम साधारण तीन ते सहा वर्षांच्या दरम्यान पूर्ण होत जातं.

मऊ मणक्यांच्या आत असतो मज्जारज्जू. मेंदूकडून शरीराकडे जाणारे सगळे निरोप त्यातून जातात. अडचण अशी की, मणके ताणले जातात तितका मज्जारज्जू ताणला जात नाही. बाळांच्या कण्याविषयी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय लेखातलं निरीक्षण आजही सांगितलं जातं. बाळाचा कणा सुमारे दोन इंच ताणला जाऊ शकतो, पण मज्जारज्जू पाव इंच ताणल्यावरच तुटू शकतो. बाहेरून मानेचं हाड मोडलेलं दिसत नाही आणि आत मात्र कायमची इजा झालेली असते, असं लहान मुलांत घडू शकतं ते यामुळेच.

वर्षाचं मूल चालायला लागतं, दीड वर्षाचं धावायला लागतं. ते दांडगट दिसतं, मान ताठ धरतं. पण मान धरता येणं आणि अपघाताचा ताण सोसता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या वाढदिवसाला मणक्यांत एकाएकी काही बदलत नाही.

मग 'एक वर्ष' हा आकडा आला कुठून?

तो अगदीच हवेतून आलेला नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्स या अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या जुन्या सल्ल्यात किमान एक वर्ष वय आणि किमान २० पौंड, म्हणजे सुमारे ९ किलो वजन होईपर्यंत मुलाला उलट बसवावं, असं होतं. ही खालची मर्यादा होती. लोकांनी मात्र तीच सीट फिरवण्याची तारीख मानली.

२०११ मध्ये संघटनेने हा सल्ला बदलून दोन वर्षांचा केला. २०१८ मध्ये वयाचा आकडाच काढून टाकला. आताचा सल्ला असा आहे की, सीट बनवणाऱ्याने दिलेली उंचीची किंवा वजनाची कमाल मर्यादा गाठेपर्यंत, शक्य तितका जास्त काळ मुलाला उलट बसवावं.

काही ठिकाणी हे कायद्यातही आलं आहे. मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात त्या न्यू जर्सीत दोन वर्षांखालील आणि ३० पौंडांखालील, म्हणजे सुमारे साडेतेरा किलोंखालील मुलांना उलट्या तोंडाच्या सीटमध्ये बसवणं २०१५ पासून बंधनकारक आहे. कॅलिफोर्नियात दोन वर्षांखालील मुलांसाठी असाच नियम २०१७ पासून आहे. तिथे ४० पौंड वजन किंवा ४० इंच उंची झालेल्या मुलांना त्यातून सूट आहे. युरोपात 'आर-१२९' या नियमानुसार मंजूर झालेल्या सीटमध्ये मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत उलटच बसवावं लागतं.

या सगळ्यांच्या आधीपासून हे करणारा देश आहे स्वीडन. तिथल्या चाल्मर्स तंत्रज्ञान विद्यापीठातले प्राध्यापक बर्टिल अल्डमन यांना ही कल्पना सुचली ती अंतराळवीरांवरून. अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर झोपलेले असत, म्हणजे प्रचंड जोर सगळ्या पाठीवर वाटला जाई. मग मुलांनाही असंच का बसवू नये, असा विचार त्यांनी केला. १९६४ मध्ये व्होल्वो गाडीत अशा सीटच्या पहिल्या नमुन्याची चाचणी झाली. स्वीडनमध्ये आज मुलांना साधारण चार वर्षांची होईपर्यंत उलट बसवण्याची शिफारस केली जाते. तिथे २५ किलोपर्यंत उलट वापरता येतील अशा सीट मिळतात.

तीन-साडेतीन वर्षांची स्वीडिश मुलं या सीटमध्ये पाय दुमडूनच बसतात. त्यांच्या आज्यांना त्यात काही वेगळं वाटत नाही, कारण त्यांनी स्वतःच्या मुलांनाही तसंच बसवलेलं असतं.

अपघातात ते पाय मोडतील का?

ही भीती स्वाभाविक आहे. पाय आधीच समोरच्या गादीला टेकलेले, त्यात गाडी आदळली, तर ते चिरडतील असं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते पाहू.

गाडी समोरून आदळली की आतलं सगळं गाडीच्या पुढच्या दिशेला जातं. उलट बसलेल्या मुलाचे पाय त्या वेळी गादीवर दाबले जात नाहीत. ते गादीपासून सुटून मुलाच्या पोटाकडे, म्हणजे अंगाशी येतात. नंतर सीट थोडी मागे उसळते तेव्हा पाय पुन्हा गादीकडे जातात, पण तोपर्यंत धक्क्याचा मोठा भाग ओसरलेला असतो.

सरळ बसलेल्या मुलाचे पाय मात्र मोकळे असतात आणि धक्क्याच्या वेळी जोरात पुढे फेकले जातात. समोर असते ड्रायव्हरची किंवा शेजारच्या सीटची पाठ. पाय तिच्यावर आदळतात. सरळ तोंडाच्या सीटमध्ये बसलेल्या मुलांच्या पायांच्या दुखापतींवर अमेरिकेत २००६ आणि २००७ मध्ये संशोधन प्रसिद्ध झालं. गुडघ्याखालच्या भागाला, म्हणजे नडगीच्या हाडांना होणारी इजा आणि पुढच्या सीटच्या पाठीवर पाय आदळणं यांचा संबंध त्यात समोर आला.

म्हणजे पाय वाचवण्यासाठी सीट पुढे फिरवली तर पायांचा धोका कमी होत नाही. उलट तो वाढण्याचीच शक्यता असते. आणि समजा, उलट बसलेल्या मुलाच्या पायाला दुखापत झालीच, तरी या वयातलं पायाचं हाड प्लॅस्टरमध्ये काही आठवड्यांत जुळून येतं. मज्जारज्जूवर असं प्लॅस्टर नाही.

मग अवघडत तरी असेल ना?

मोठ्या माणसाला तसं बसवलं तर पंधरा मिनिटांत गुडघे बोलायला लागतील. आपण आपले गुडघे मुलाच्या जागी कल्पून पाहतो, त्यामुळे ते दुमडलेले पाय आपल्याला दुखतात.

मुलांचे सांधे आणि स्नायू मात्र बरेच लवचीक असतात. दीड-दोन वर्षांचं मूल खेळताना कसं बसतं ते आठवून पाहावं. ते उकिडवं बसून मुंग्या बघतं, मांडी घालतं, फतकल मारतं, पाय डोक्यापर्यंत नेऊन अंगठा तोंडात घालतं. झोळीत तर ते पाय पोटाशी घेऊन तास तास झोपतं. सीटमध्येही ते यातलंच काहीतरी करतं. कधी मांडी घालतं, कधी बेडकासारखे पाय बाजूला टाकतं, कधी तळवे गादीवर टेकवून गुडघे वर करतं, तर कधी पाय सीटच्या दोन्ही कडांवरून बाहेर सोडतं. या सगळ्या पद्धती चालतात.

सरळ बसवल्यावर पायांना खरंच आराम मिळतो का, हेही बघायला हवं. दोन वर्षांच्या मुलाचे पाय गाडीच्या तळाला पोहोचत नाहीत. ते सीटच्या काठावरून लोंबकळत राहतात. उंच स्टुलावर पाय टेकायला काही नसताना बसलं की थोड्या वेळात मांडीखाली कड रुतते आणि पायाला मुंग्या येतात, हा अनुभव बहुतेकांना असेल. उलट बसलेल्या मुलाच्या पायांना निदान टेकायला जागा असते.

याला अपवाद आहेत. नितंबाच्या सांध्याचा जन्मजात दोष, पायाला लावलेलं प्लॅस्टर किंवा स्नायूंचा आजार असेल तर बसण्याची पद्धत बालरोगतज्ज्ञ किंवा अस्थिरोगतज्ज्ञ यांना विचारूनच ठरवावी.

मूल रडतं, ते मग कशाने?

मूल सीटमध्ये रडतं ही तक्रार खोटी नसते. फक्त त्याचं कारण बहुतेकदा पाय नसतात. कारण शोधायचं तर आधी पुढच्या गोष्टी तपासाव्यात.

उकाडा. उलट्या सीटची उंच पाठ गाडीच्या पुढच्या भागाकडे असते. समोरच्या एसीची गार हवा तिच्यावर अडते आणि मुलापर्यंत उशिरा पोहोचते. अनेक छोट्या गाड्यांत मागच्या बाजूला एसीची वेगळी झडप नसते. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभी केलेली गाडी आधी दारं उघडून आणि एसी लावून थंड करावी, मगच मूल बसवावं. पट्ट्यांचं बक्कल हाताने तपासावं, कारण त्याचा धातू चटका देण्याइतका तापलेला असतो. गाडी उभी असताना सीटवर सुती चादर टाकून ठेवली तर बराच फरक पडतो.

सीटचा कल. तान्ह्या बाळाला जास्त झोपती सीट लागते, कारण मान पुढे पडून श्वास अडू शकतो. नीट बसू लागलेल्या मोठ्या मुलाला तोच कल नकोसा होतो. त्याला बाहेर बघायचं असतं, पण दिसतं फक्त गाडीचं छत. बहुतेक सीटमध्ये कल बदलता येतो. माहितीपुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत सीट थोडी उभी केली की मुलाला खिडकीबाहेर दिसू लागतं.

पट्टे. उलट्या सीटमध्ये खांद्याचे पट्टे मुलाच्या खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून यायला हवेत. मूल वाढतं, पण पट्टे सहा महिन्यांपूर्वीच्याच खाचेत राहतात आणि खांदे दाबले जातात. दोन पायांमधला पट्टाही आखूड पडू शकतो. अंगावर एकाच ठिकाणी लाल वळ दिसत असतील तर आधी पट्टे बघावेत. पट्टे घट्ट लागतात म्हणून ते सैल सोडणं मात्र धोक्याचं आहे. खांद्यावरच्या पट्ट्याला चिमटीत धरून घडी पाडता आली तर तो सैल आहे असं समजावं.

जाड कपडे. महाबळेश्वरला किंवा थंडीच्या देशात मुलाला जाड जॅकेट घालून बसवलं तर पट्टे वरवर घट्ट वाटतात, पण आत पोकळी राहते. पातळ कपड्यांत बसवून पट्टे आवळावेत आणि मग वरून दुपटं किंवा शाल पांघरावी.

कंटाळा आणि वेळ. कुठल्याही सीटमध्ये सलग तीन तास बसणं मुलाला जड जातं. साधारण दोन तासांनी थांबून त्याला बाहेर काढावं आणि पाय मोकळे करू द्यावेत. मोठं कोणी शेजारी बसलं, गाणी म्हटली, मऊ खेळणं हातात दिलं, तर निम्मी रडारड थांबते. पायांतले बूट काढून ठेवले तरी दोन-चार सेंटिमीटर जागा वाढते.

जागा खरी कमी होते ती मोठ्यांची

उलट्या सीटमुळे गाडीत अडचण होते हे खरं आहे, पण ती पुढे बसणाऱ्या माणसाची होते. सीट तिरकी असते, त्यामुळे पुढची सीट सरकवून घ्यावी लागते. भारतात जास्त चालणाऱ्या छोट्या हॅचबॅक गाड्यांत तर उंच माणसाचे गुडघे डॅशबोर्डला लागतात. सीट पुढे फिरवण्यामागे अनेकदा हेच न बोललेलं कारण असतं.

त्यावर काही उपाय आहेत. मुलाची सीट ड्रायव्हरच्या मागे न बसवता शेजारच्या सीटच्या मागे बसवावी, म्हणजे ड्रायव्हरला नीट बसता येतं. मूल मोठं झाल्यावर सीट जास्त उभी करता येते, त्याने पुढची काही जागा सुटते. दोघंच मोठे असतील तर एकाने मागे, मुलाच्या शेजारी बसणं सगळ्यांनाच सोयीचं. नवी सीट घेणार असाल तर ती दुकानातून नेण्याआधी स्वतःच्या गाडीत बसवून बघावी. पायांसाठी जास्त जागा सोडणाऱ्या काही सीटही बाजारात आहेत.

पायांना जागा मिळावी म्हणून मुलाच्या पाठीमागे उशी घालणं, पट्ट्यांखाली जाड गादी सरकवणं किंवा सीट ढिली बसवून मागे-पुढे करणं हे मात्र टाळावं. गाडीचा बेल्ट सीटमधून जातो त्या जागी धरून हलवल्यावर सीट एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये.

सीट फिरवायची वेळ कशी ओळखायची?

यासाठी दोन मोजमापं पुरतात.

पहिलं वजन. सीटवर चिकटवलेल्या लेबलवर उलट बसवण्यासाठीची कमाल मर्यादा लिहिलेली असते. ती ओलांडली की सीट उलट वापरायची नाही.

दुसरं उंची, त्यातही डोक्याची जागा. अमेरिकेतल्या बहुतेक सीटसाठी मुलाच्या टाळूपासून सीटच्या वरच्या कडेपर्यंत किमान एक इंच अंतर असावं असा नियम असतो. युरोपीय पद्धतीच्या सीटसाठी माहितीपुस्तिकेत वेगळी खूण किंवा सेंटिमीटरमध्ये उंची दिलेली असते. आपल्या सीटच्या पुस्तिकेत जे लिहिलं असेल ते पाळावं.

या यादीत पाय नाहीत. पाय गादीला टेकले, दुमडले किंवा बाजूला आले म्हणून सीट लहान झाली असं होत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यानुसार दोन वर्षांच्या मुलाचं मध्यम वजन १२.२ किलो आणि मुलीचं ११.५ किलो असतं. तीन वर्षांच्या मुलाचं १४.३ किलो, तर मुलीचं १३.९ किलो. चौथ्या वर्षी मुलाचं वजन १६.३ किलो आणि उंची १०३ सेंटिमीटरच्या आसपास असते. म्हणजे १८ किलोपर्यंत उलट वापरता येणाऱ्या सीटमध्ये, उंचीची मर्यादा आड आली नाही, तर बहुतेक मुलं तिसऱ्या वर्षानंतरही बसू शकतात.

भारतात इथेच लेबल नीट वाचायला हवं. अनेक सीटच्या खोक्यावर '० ते १८ किलो' असं ठळक लिहिलेलं असतं. पण त्यातल्या बऱ्याच सीट उलट फक्त ९, १० किंवा १३ किलोपर्यंतच वापरता येतात. पुढचे किलो सरळ तोंडासाठी असतात. मध्यम वाढीचा मुलगा वर्षाला ९.६ किलोचा असतो. उलट मर्यादा १० किलोची असेल तर ती सीट पहिल्या वाढदिवसानंतर लगेचच अपुरी पडते. १३ किलोची असेल तर साधारण सव्वादोन वर्षं मिळतात. खरेदीच्या वेळी 'उलट किती किलोपर्यंत?' हा एक प्रश्न विचारला तर पुढचं वर्षभर निभावतं.

आकडेवारी काय सांगते?

उलट्या सीटचा फायदा सांगताना अनेक ठिकाणी 'पाचपट सुरक्षित' असा आकडा दिलेला दिसतो. तो २००७ मध्ये 'इंज्युरी प्रिव्हेन्शन' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासातून पसरला. पुढे त्यातल्या आकडेमोडीवर प्रश्न उभे राहिले आणि तो लेख मागे घेण्यात आला. २०१८ मध्ये त्याच नियतकालिकात नव्याने केलेलं विश्लेषण प्रसिद्ध झालं. नीट बांधलेल्या मुलांत, मग ती उलटी असोत वा सरळ, गंभीर दुखापती इतक्या थोड्या होत्या की दोन्हींतला फरक आकड्यांनी ठामपणे सिद्ध करता आला नाही.

त्याच वर्षी अमेरिकन अकॅडमीने आपला सल्ला नव्याने मांडला, तेव्हा शक्य तितका काळ उलट बसवण्याची शिफारस मात्र कायम ठेवली. मानेची रचना, धक्क्याचं शास्त्र, चाचण्यांतल्या पुतळ्यांवरची मोजमापं आणि स्वीडनचा अनेक वर्षांचा अनुभव हे सगळं एकाच दिशेने बोट दाखवतं.

या विश्लेषणातून आणखी एक गोष्ट कळते, आणि ती आपल्यासाठी जास्त मोलाची आहे. सीट, कुठल्याही तोंडाची का असेना, मुलाचा जीव वाचवते. सर्वांत मोठी दरी आहे ती सीट असणं आणि नसणं यात.

भारतात कायदा काय म्हणतो?

२०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने आलेल्या कलम १९४-बी नुसार, १४ वर्षांखालील मुलाला सीट बेल्ट किंवा चाइल्ड सीटने न बांधता गाडी चालवल्यास एक हजार रुपये दंड आहे. मुलाचं तोंड कुठल्या दिशेला असावं हे त्या कलमात सांगितलेलं नाही. रस्त्यावर अजूनही मांडीवरची, खिडकीतून डोकं बाहेर काढलेली आणि पुढच्या सीटवर आईच्या कुशीत झोपलेली मुलं सर्रास दिसतात.

गाड्यांच्या बाजूने बदल होतो आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या 'भारत एनकॅप' या चाचणीत मुलांच्या सुरक्षेसाठी स्वतंत्र ४९ गुण आहेत. दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे गाडीत बसवून त्यांना काय होतं हे त्यात मोजलं जातं. अनेक नव्या गाड्यांत आता आयसोफिक्स कड्या असतात. त्यात सीट थेट गाडीच्या सांगाड्याला अडकवता येते, त्यामुळे ती चुकीची बसण्याची शक्यता कमी होते.

एक नियम मात्र न मोडण्याचा आहे. पुढच्या सीटची एअरबॅग चालू असेल तर तिथे उलट्या तोंडाची सीट कधीही बसवू नये. एअरबॅग प्रचंड वेगाने उघडते आणि थेट सीटच्या पाठीवर, म्हणजे मुलाच्या डोक्याच्या मागे आदळते. मुलाची जागा मागेच.

आजीला काय सांगायचं?

आजीने तिच्या काळात मुलांना मांडीवर घेऊन एसटीने आणि जीपने प्रवास केला. तिला 'तुला यातलं कळत नाही' असं म्हटलं तर सीटविषयीचा राग पक्का होतो आणि आई-वडील नसताना सीट गुपचूप पुढे फिरवली जाते. त्यापेक्षा तिला एक गोष्ट विचारता येईल. तान्हं बाळ पहिल्यांदा कुणाच्या हातात देताना ती काय बजावते? "मानेखाली हात घे." पाय सांभाळ, असं कुठलीच आजी म्हणत नाही.

उलट्या तोंडाची सीट तेच करते. धक्का बसेल त्या क्षणी ती मानेखाली हात धरते. त्या बदल्यात पाय थोडे दुमडावे लागतात. दोन वर्षांचं मूल तर घरी जमिनीवर बसलं तरी ते दुमडूनच बसतं.